टाके येतात, पण शैली जमत नाही

प्रश्न : कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ताईंचं हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून थोडक्यात देत आहोत. वय 46. शाळेत शिकलेले टाके, म्हणजे धावदोरा, टीप, दांडी टाका, साखळी, काज, मच्छी टाका, गाठीचा टाका, भरीव टाका, सगळे हातात पक्के आहेत. उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, नात्यातल्या बाळांची झबली भरून झाली आणि आता ‘सगळीकडे तीच फुलं, तीच पानं’ याचा कंटाळा आला आहे. म्हणून व्हिडिओ बघत कसूती, चिकनकारी, कांथा, फुलकारी आणि कच्छी आरसेकाम असे पाच प्रकार सुरू केले. एकही नमुना तळहातापेक्षा मोठा झाला नाही. कसूतीत परत येताना रेघ चुकते, चिकनची सावली दिसतच नाही, कांथ्याला वेड्यावाकड्या चुण्या पडतात, फुलकारीचे धागे लोंबतात आणि आरसे निसटतात. पाचही नमुने घरात होतं त्या पांढऱ्या पॉपलीनवर, नेहमीच्या रिंगमध्ये, सहापदरी सुती दोऱ्यानं केले आहेत. जाऊबाईंचं म्हणणं, ‘यापेक्षा आरीचा क्लास लाव, ब्लाउजचे पैसे तरी मिळतील.’ पाच महिन्यांवर भाचीचं लग्न आहे आणि रुखवतात स्वतःच्या हातचं, वेगळं काहीतरी ठेवायचं आहे. ताई विचारतात : आधी कोणती शैली शिकू? तिच्यातले सगळे टाके यायलाच हवेत का? चष्मा लागल्यावर धागे मोजणं जमेल का? मागची बाजू कधीच स्वच्छ येत नाही, त्याचं काय करू?

उत्तर : ताई, नमस्कार.

पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे : पाचही नमुने पॉपलीनवर, त्याच रिंगमध्ये, त्याच दोऱ्यानं. तुम्ही नक्षी बदललीत, टाके बदललेत, पण खाली कापड तेच ठेवलंत. या पाच शैलींपैकी एकही पॉपलीनवर वाढलेली नाही. पॉपलीनची वीण इतकी घट्ट असते की धागे मोजता येत नाहीत, आरपार काही दिसत नाही आणि दोन थर घेतले तर सुई नेटानं रेटावी लागते. तेव्हा पाच वेळा तुमचा हात चुकला, असं धरून चालू नका. बहुतेक ठिकाणी कापड चुकलं आहे.

यातून तुमच्या मनातलं एक गृहीत थोडं हलवायला हवं. ‘पुढचं शिकायचं’ म्हणजे ‘नवे, अवघड टाके शिकायचे’ असं तुम्ही धरून चालला आहात. पण कसूतीची रेघ म्हणजे दोन फेऱ्यांत पूर्ण केलेला धावदोरा. कांथा म्हणजे धावदोराच. फुलकारी म्हणजे कापडाच्या उलट बाजूनं, धागे मोजून घातलेला रफूसारखा धावदोरा. चिकनची सावली ज्याच्यामुळे पडते तो बखिया म्हणजे मागून घातलेला मच्छी टाका. कच्छमधल्या रबारी बायकांचं भरतकाम मुख्यतः साखळी टाक्याचं. हे सगळं तुम्हाला आजच येतं. शैली ठरते ती कापड कोणतं, दोरा पिळाचा की बिनपिळाचा, नक्षी मोजून घ्यायची की छापून, सुई कोणत्या बाजूनं चालवायची आणि दोरा किती ओढायचा, यावरून.

म्हणून ‘आधी कोणती शैली’ हे ठरवण्याआधी एक छोटी चाचणी करा. सहा-सहा इंचांचे तीन तुकडे घ्या : एक मॅटीचा किंवा दोसुतीचा (विणीतली चौकोनी घरं मोजता येतील अशा कापडाचा), एक पातळ मलमलीचा आणि एक जुन्या, मऊ झालेल्या सुती साडीचे दोन थर एकावर एक ठेवून. तिन्हींवर फक्त धावदोऱ्याच्या दहा ओळी घाला. पहिल्यावर घरं मोजून, दुसऱ्यावर पेन्सिलीनं वळणदार रेघ काढून तिच्यावरून, तिसऱ्यावर नुसत्या अंदाजानं. कोणता तुकडा सुंदर झाला हे बघू नका. कोणता हातातून खाली ठेवावासा वाटला नाही ते बघा. मोजण्यात रमणारा हात वेगळा आणि वळण काढण्यात रमणारा वेगळा. दोन्ही शिकता येतात, पण सुरुवात आवडत्या बाजूनं केली तर नमुना तळहाताच्या पुढे जातो.

आता तुमच्या पाच नमुन्यांचं काय बिघडलं ते बघू. कसूतीवर जास्त बोलणार आहे, कारण रुखवतासाठी मला तीच योग्य वाटते, आणि धारवाड-हुबळीची ही कला तुमच्याकडे परकी नाही. इरकली लुगड्यांच्या पदरावर ती तुमच्या आजूबाजूच्या घरांत असेलच. गोपुर, तुळशीवृंदावन, रथ, पालखी, हत्ती, मोर हे तिचे नेहमीचे आकार. टाके चार : गवंती म्हणजे दुहेरी धावदोरा, मुरगी म्हणजे त्याच धावदोऱ्याच्या पायऱ्या, नेगी म्हणजे विणल्यासारखा दिसणारा लांब-आखूड धावदोरा आणि मेंथी म्हणजे फुली टाका. गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारख्या दिसतात. नक्षी कापडावर काढत नाहीत, मोजतात, आणि गाठ मारत नाहीत.

‘परत येताना रेघ चुकते’ याची कारणं तीन असू शकतात. पहिलं, पॉपलीनवर तुम्ही अंदाजानं टाके घेतलेत, त्यामुळे जातानाचे टाके आणि मधल्या रिकाम्या जागा सारख्या झाल्या नाहीत. मॅटीवर हा प्रश्नच उरत नाही : एक घर वर, एक घर खाली. दुसरं, फांदी. मुख्य रेघेतून वृंदावनाचा एखादा कोनाडा बाहेर निघत असेल, तर जातानाच त्या फांदीच्या टोकापर्यंत जायचं, तिथून फांदीतल्या मोकळ्या जागा भरत मुख्य रेघेवर परत यायचं आणि मग पुढे निघायचं. फांदी ‘येताना बघू’ म्हणून सोडली की मागच्या बाजूला दोरा तिरका धावतो आणि दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत. तिसरं, बंद आकार. चौकोन पूर्ण करून सुरुवातीच्या भोकापाशी आलात की त्याच दिशेनं दुसरी फेरी सुरू करू नका. चौकोनी घरांवरच्या बंद आकारात टाक्यांची संख्या नेहमी सम येते, त्यामुळे त्याच दिशेनं गेलात तर भरलेल्या टाक्यांवरच पुन्हा टाके पडतात आणि मोकळ्या जागा मोकळ्याच राहतात. तिथून उलटं फिरा, आल्या वाटेनं परत जा.

परतीची रेघ सरळ दिसावी यासाठी आणखी एक सवय लावून घ्या. भरलेल्या भोकात सुई दुसऱ्यांदा जाते तेव्हा आधीच्या दोऱ्याच्या कायम वरच्या अंगानं खाली जा आणि पुढच्या भोकातून कायम खालच्या अंगानं वर या. कधी वरून, कधी खालून असं झालं की रेघ नागमोडी दिसते. सुई बोथट टोकाची घ्या, 24 नंबरची. टोकदार सुई भोकातला दोरा फाडून आरपार जाते आणि मग उसवताना सगळंच निसटतं. दोरा दीड फुटापेक्षा लांब घेऊ नका, सहातले दोन पदर पुरे. सुरुवातीला गाठीऐवजी चार इंच शेपूट सोडा. रेघ दोन्ही फेऱ्यांनी भरून झाली की ते शेपूट सुईत ओवून त्याच टाक्यांना गुंडाळत इंचभर न्या आणि कापा.

सुरुवात काळ्या कापडावर करू नका. काळ्या चंद्रकळेवरची कसूती फार देखणी दिसते, म्हणून सगळ्यांना तिथूनच सुरुवात करायची असते, आणि तिथेच बहुतेक जणी सोडून देतात. काळ्यावर भोकं दिसत नाहीत.

साडीवर किंवा ब्लाउजवर करायची झाली तर वर सुटणारी जाळी टाचून तिच्या घरांवरून भरतात आणि शेवटी जाळीचे धागे एकेक करून ओढून काढतात. तिथे एकच पथ्य : सुई जाळीच्या घरातून जाऊ दे, जाळीच्या धाग्यातून नको. धागा टोचला गेला की तो ओढताना भरलेला टाका वर येतो.

चिकनची सावली. लखनौचं हे काम मलमलीसारख्या पातळ कापडावरच का वाढलं, याचं उत्तर बखियात आहे. दोरा मागच्या बाजूला फुलीफुलीनं पसरतो, पुढून फक्त कडेच्या दोन टिपा दिसतात आणि मधला दोरा कापडातून धूसर झिरपतो. पॉपलीनमधून काहीच झिरपत नाही, म्हणून तुम्हाला दोन टिपांमध्ये कोरी पाकळी दिसली. एक मीटर मलमल आणा, धुऊन इस्त्री करा आणि नक्षी उलट बाजूवर पाण्यानं जाणाऱ्या निळ्या पेननं काढा. काम संपल्यावर आधी गार पाण्यात धुवायचं, नंतर इस्त्री. हे उलटं झालं तर उष्णतेनं ती शाई पक्की बसू शकते. (लखनौमध्ये लाकडी ठशांनी धुतल्यावर जाणारी नक्षी छापतात आणि भरून झाल्यावर कापड धुवायला देतात. तिथेही धुणं शेवटी, हे लक्षात घ्या.)

पाकळी टोकापासून सुरू करा. उलट बाजूनं मच्छी टाका घालताना वरच्या कडेला दोन मिलिमीटरचा एक टाका, मग खालच्या कडेला एक, असं आलटून पालटून. प्रत्येक टाका त्याच कडेच्या आधीच्या टाक्याच्या भोकातच संपला पाहिजे, तरच पुढून अखंड टीप दिसेल. पान वळत असेल तर दोन्ही कडांना टाक्यांची संख्या सारखीच ठेवा. आतल्या वळणावर टाके आखूड घ्या, बाहेरच्या वळणावर लांब. एक सेंटिमीटरहून रुंद पान एका दमात भरू नका. मागचे दोरे सैल पडतात आणि अडकतात. मध्ये शीर काढून त्याचे दोन भाग करा. एकच पदर घ्या, फार तर दोन. शेपटं पाकळीच्या आतच, फुल्यांखाली लपवा. एका पाकळीतून दुसरीकडे दोरा तसाच नेलात तर त्याचीही सावली पडते, आणि ती मात्र अगदी स्पष्ट दिसते!

मलमल रिंगमध्ये लावताना आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळा आणि काम थांबवलं की रिंग काढून ठेवा. नाहीतर गोल वळ राहतो आणि वीण त्या जागी सरकते.

कांथ्याला मात्र रिंग काढूनच टाका. बंगालमध्ये जुन्या साड्या-धोतरांचे थर एकत्र करून, साडीच्या काठातून काढलेल्या दोऱ्यानं हे काम होत आलं. आपली गोधडी याच कुळातली. रिंगेत ताणलेल्या कापडावर धावदोरा घातला आणि मग रिंग सोडली की कापड आकसतं, दोरा आकसत नाही, आणि चुण्या जिथे जागा मिळेल तिथे पडतात. तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं दिसतं. कांथ्यात कापडावर हलकी लहर हवीच असते, पण ती ओळीबरोबर चालणारी, सारखी.

त्यासाठी दोन्ही थर आधी धुऊन घ्या, म्हणजे एक कमी आणि एक जास्त आकसणार नाही. सपाट जमिनीवर पसरून मध्यापासून कडांकडे, तीन-चार इंचांच्या अंतरानं कच्चा दोरा घाला. कडेकडून मध्याकडे आलात तर मध्ये फुगा येतो. टाका दोन-तीन मिलिमीटरचा, मधली जागा त्याहून किंचित कमी, ओळींत तीन-चार मिलिमीटर अंतर. सुईवर चार-पाच टाके एकदम घ्या, दोरा ओढा आणि लगेच अंगठ्यानं ओळ मागे सपाट करत ताण सोडा. हे अंगठा फिरवणं व्हिडिओत दिसत नाही, कारण तिथे ते एका क्षणात होऊन जातं. शेजारच्या ओळींतले टाके एकाखाली एक ठेवले तर एक पोत येतो, अर्ध्यानं सरकवले तर दुसरा. दोन्ही करून बघा.

फुलकारीबद्दल थोडक्यात. पंजाबातलं हे काम जाड खद्दरवर, पट नावाच्या बिनपिळाच्या रेशमानं होत असे. चमक त्या सपाट बसणाऱ्या रेशमाची. एकाच रंगाचा दोरा आडवा आणि उभा घातला की प्रकाश वेगळा पडून दोन छटा दिसतात, अर्धी नक्षी तर त्यातूनच तयार होते. तुमच्या पिळाच्या सहापदरी सुती दोऱ्यात ती जादू पूर्ण येणार नाही, पण एक उपाय आहे : सहाही पदर एकेक करून सुटे ओढा आणि त्यातले तीन-चार पुन्हा एकत्र ओवा. ते दोरीसारखे गोल न बसता सपाट बसतात. धागे लोंबतात ते टाके लांब झाल्यामुळे. वापरातल्या वस्तूवर पाव इंचापेक्षा लांब टाका ठेवू नका. काम उलट बाजूनं करा आणि त्या बाजूला दोरा कापडाच्या एकाच धाग्यावरून न्या. मोजायला सोपं जातं आणि लांब टाके आपोआप पुढच्या बाजूला पडतात. यालाही मोजता येणारं कापड हवं, जाडसर खादी किंवा दोसुती.

आणि आरसे. आरसा धरून ठेवतात ते त्यावरून पहिल्यांदा घातलेले चार आडवे-उभे धागे. वरची काज टाक्याची कड फक्त त्यांना बाहेर ओढते. तुम्ही ते चार धागे आरशाच्या अगदी कडेला घातले असणार. कड भरताना ते आणखी बाहेर सरकतात आणि आरसा सुटतो. 15 मिलिमीटरचा आरसा असेल तर कडेपासून पाच मिलिमीटर आत धागे घ्या, म्हणजे मध्ये छोटा चौकोन राहील. सुरुवातीला तो फार लहान वाटेल, पण कड भरताना मोठा होतो. हे चार धागे ताठ असले पाहिजेत, आणि आडवे धागे उभ्यांना विणून न्या. इथे रिंग घट्टच हवी. काचेच्या आरशाची कड धारदार असेल तर दोरा कापते, तेव्हा बारीक पॉलिश पेपरवर फिरवून घ्या. पाचपैकी या एकाच नमुन्यात पॉपलीनचा दोष नव्हता.

‘सगळे टाके यायलाच हवेत का?’ नाही. चिकनकारीत 32 टाके सांगितले जातात, पण लखनौमध्येही एकच बाई सगळं करते असं नाही. छापणारे वेगळे, जाळी काढणारे हात वेगळे, धुणारे वेगळे. तुम्ही एकटीनं बखिया, धावदोऱ्याची टेपची आणि तांदळाच्या दाण्याएवढी मुर्री एवढं नीट केलंत तर त्यात दुपट्टा होतो. कसूतीत गवंती आणि मुरगीवर काम भागतं. टाक्यांची यादी पूर्ण करण्याच्या नादात हात कशातच बसत नाही.

मागच्या बाजूचं तुम्हाला फारच दडपण आहे. शाळेत त्यावर गुण कापले जात, त्यामुळे असेल. पण स्वच्छ मागची बाजू ही काही सगळीकडे एकसारखी अट नाही. गवंतीत दोन्ही बाजू सारख्या हव्यात, कारण तीच त्या टाक्याची गंमत. बखियात मागचा दोरा हेच तर काम. कांथ्याची मागची बाजू वापरात दिसते, म्हणून ती नीट हवी. भरगच्च आरसेकामाला मात्र खुशाल अस्तर लावा. प्रत्येक शैलीत विचारा : मागून काही दिसणार आहे का, अडकणार आहे का, पुढे सावली पडणार आहे का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर मागचं विसरा.

चष्म्याबद्दल. धागे मोजणं वयानं जात नाही, पण प्रकाश आणि अंतर बदलावं लागतं. सुरुवात इंचाला 11 घरं असलेल्या मॅटीवर करा, मग 14 वर जा. कापड पांढरं असेल तर मांडीवर काळा कपडा पसरा, गडद असेल तर पांढरा. भोकं लगेच उठून दिसतात. दर दहा घरांवर वेगळ्या रंगाच्या कच्च्या दोऱ्याची खूण घातली की प्रत्येक वेळी पहिल्यापासून मोजावं लागत नाही. चष्म्याचा नंबर काढताना आपण काम कुठे धरतो ते अंतर दाखवा. वाचताना पुस्तक धरतो त्यापेक्षा ते बऱ्याचदा कमी असतं. डोळ्यांना खरोखर त्रास होतच असेल तर मोजायच्या कामाचा हट्ट सोडा आणि कांथा धरा.

आता आरी. जाऊबाईंचा सल्ला चुकीचा नाही, पण तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही. आरी ही तुम्हाला येतं त्याची पुढची पायरी नव्हे, वेगळं हत्यार आहे. सुईला आकडा असतो, दोरा कापडाखाली डाव्या हातात, आणि टाका मुख्यतः साखळीचा. कापड अड्ड्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, टणक ताणलेलं लागतं. सैल कापडात वर येताना आकडा वीण पकडतो. ओळीच्या शेवटी टाका बंद केला नाही तर एका टोकाला ओढून सगळी ओळ उसवते, आणि गिऱ्हाइकाच्या ब्लाउजवर ते पहिल्या धुण्यात कळतं. हात बसायला सराव लागतो आणि घरात अड्डा कायम मांडून ठेवायला जागा लागते. अड्ड्याचं काम मात्र व्हिडिओपेक्षा क्लासला जाऊन शिकलेलं बरं. कापडाखालचा डावा हात चित्रात दिसत नाही.

पैशाचाच विचार असेल तर क्लासची फी भरण्याआधी एक हिशेब करा. बाहीचा काठ 12 इंचांचा, त्यावर साखळीच्या तीन ओळी, म्हणजे 36 इंच. दोन बाह्या 72 इंच. गळा आणि पाठ वेगळी. सरावानंतर तासाला तुमचे किती इंच होतात त्यानं भागा, मणी-टिकल्यांचा वेळ मिळवा आणि तुमच्या गावात त्या कामाला काय देतात ते दोन शिंप्यांना विचारा. तासाला पडणारी रक्कम मान्य असेल तर जरूर शिका. पण लग्न पार पडल्यावर. रुखवताच्या तोंडावर नवं हत्यार हातात घेऊ नये.

रुखवतासाठी माझं मत : ताटावर झाकायचा रुमाल, कसूतीच्या काठाचा. वस्तू लहान आहे, लग्नानंतरही वापरात राहते आणि उलटसुलट कशीही टाकली तरी चांगलीच दिसते. पांढरी किंवा मोतिया दोसुती घ्या, तयार माप 14 बाय 14 इंच, कापड 17 बाय 17. दोसुतीत धाग्यांची जोडी म्हणजे एक घर. विकत घेण्याआधी इंचाला उभी किती घरं आणि आडवी किती, दोन्ही मोजा. फरक मोठा असेल तर चौकोन आयताकृती होतो आणि तुळशीवृंदावन बसकं दिसतं. फरक जाणवत असेल तर सरळ 14 घरांची मॅटी घ्या, थोडी कडक असते एवढंच.

काठ कडेपासून दीड इंच आत धरला तर प्रत्येक बाजू 11 इंचांची, म्हणजे 14 घरांच्या मॅटीवर 154 घरं. नक्षीचं एक आवर्तन 7 घरांचं असेल तर बरोबर 22 बसतात. 8 घरांचं असेल तर 152 घरांचा काठ धरा, 19 बसतील. नक्षी आखडू नका, काठ आत-बाहेर करा. प्रत्येक बाजूचा मध्य खूण करून तिथून दोन्हीकडे जा. कोपऱ्यातून सुरुवात केली की चौथ्या कोपऱ्यात एखादं घर हमखास उरतं किंवा कमी पडतं. कोपऱ्याचं वळण आधी चौकटीच्या वहीत काढून घ्या. तुळशीवृंदावन एकच, मध्यभागी किंवा एका कोपऱ्यात.

पहिलं आवर्तन घड्याळ लावून भरा आणि एकूण आवर्तनांनी गुणा. रोज किती वेळ मिळतो त्याप्रमाणे काम चार महिन्यांत बसत नसेल तर आत्ताच काठ एकेरी करा किंवा दोनच बाजूंना घ्या. पाचवा महिना कडा दुमडायला आणि धुण्याला राखून ठेवा. हे काम शेवटच्या आठवड्यात घाईनं उरकलं की कडेला दिसतंच.

हा रुमाल भेट द्यायचा आहे, त्यामुळे काही अडचण नाही. पण पुढे कधी विकायला काढलात तर ‘कसूती पद्धतीचं काम’ असं सांगा, ‘धारवाडची अस्सल कसूती’ असं नको. कच्छी, लखनवी कामालाही तेच लागू. लखनौच्या चिकनकारीला 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कसूतीलाही ते आहे. अशी नावं त्या भागातल्या कारागिरांच्या पोटाशी जोडलेली असतात. जुनं काम डोळ्यांखालून घालायचं असेल तर आधी घरातलीच इरकली लुगडी उलटून मागून बघा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात, अहमदाबादच्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयात किंवा कच्छमध्ये अजरखपूरच्या संग्रहालयात गेलात तर काचेआडूनही कापडाची वीण आणि टाक्याची लांबी यांचा अंदाज घेता येतो. आकारांचे फोटो मोबाइलवर हवे तेवढे मिळतील.

लाल आणि काळ्या दोऱ्याची मात्र आधी परीक्षा घ्या. वीतभर दोरा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या कपड्यात दाबून ठेवा. डाग पडला तर ती लडी या रुमालाला वापरू नका, कारण हळदीकुंकवाच्या ताटावरचा रुमाल धुवावा लागणारच. तयार झाल्यावर गार पाण्यात, न पिळता धुवा, सावलीत सपाट वाळवा आणि किंचित ओला असताना जाड टॉवेलवर पालथा घालून इस्त्री करा.